टमाटराच्या एकराबद्दल

दि. ५ जून
ता. सेलू, जि. वर्धा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले पंधरा हजार रुपये खात्यात जमा झाले. परवा फोनवर तू म्हणालास की विहिरीजवळचा सगळा एकर या वर्षी टमाटराखाली घ्यावा, आणि मी "तू तिकडे राहून वावराची चिंता करू नकोस" असे तोडून बोललो. तसे बोलायला नको होते. पुण्याला दिवसभर यंत्रासमोर उभे राहून कमावलेला पैसा तू या मातीसाठी पाठवतोस, तेव्हा मी तुझे का ऐकत नाही हे तुला नीट कळले पाहिजे. फोनवर मला ते मांडता येत नाही, म्हणून लिहीत आहे.

आज बाजारात टमाटराला भाव आहे, हे तुझे म्हणणे खरे आहे. परंतु आज बी टाकले तर रोप लावणीला यायला पंचवीस-तीस दिवस लागतील, आणि लावणीपासून पहिल्या तोड्यापर्यंत आणखी दोन महिने जातील. म्हणजे आपला माल सप्टेंबरात निघेल. २०२३ साल आठवून पाहा. त्या जुलैत टमाटर किलोला शंभराच्या वर गेले, ते पाहून ज्यांनी ज्यांनी लावले त्या सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात आला, आणि सप्टेंबर येईपर्यंत राज्यात कितीतरी ठिकाणी शेतकऱ्यांवर क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतण्याची पाळी आली. भाव पाहून लावणारा माणूस नेहमी गेलेल्या बाजारासाठी पेरत असतो. शिवाय एका एकराला सहा-सात हजार रोपे, बांबू, तार, सुतळी, फवारणी आणि बांधणीची मजुरी धरली, तर खर्च लाखाच्या घरात जातो. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. आठ दिवसांची झड लागली की टमाटराची मुळे गुदमरतात आणि उभे झाड पिवळे पडते. दोन एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर तर आभाळाच्या भरवशावर आहेच. उरलेला एकरही एकाच पिकाच्या भरवशावर सोपवायची माझी हिंमत होत नाही.

या एकरावर घर चालते. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि आला तसा दुकानदाराच्या उधारीत जातो. किराणा, दवाखाना, तुझ्या बहिणीचा बसचा पास हे सर्व भाजीवर निघते. म्हणून मी तुकडे पाडून लावतो. मिरचीचे बी मेच्या मध्यात टाकले होते, ती रोपे आता बोटभर झाली आहेत. वांग्याचे वाफे त्यानंतर दहा दिवसांनी केले. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभर उंच असे गादीवाफे केले, बियाण्याला ट्रायकोडर्मा ही रोगाला आवरणारी उपयोगी बुरशी चोळून ओळीत टाकले आणि उगवण होईपर्यंत वर वाळले गवत अंथरून झारीने पाणी दिले. तुझ्या आजोबांच्या वेळी सपाट वाफ्यात बी फेकत आणि पहिल्या जोरदार पावसात निम्मी रोपे कोलमडत. उंच वाफा करायला मी शिकलो, तेव्हापासून ते नुकसान बरेच थांबले. रोपवाटिकेतून तयार रोपे आणा असे तू सुचवलेस. टमाटराची मी आणीनही, पण मिरची-वांग्याची रोपे डोळ्यांसमोर वाढलेली असली की त्यांची खोड मला पहिल्या दिवसापासून माहीत असते.

विजेचे म्हणशील तर एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असाच फेरा आहे. हा आठवडा रात्रीचा आहे. बॅटरी घेऊन मी विहिरीवर जातो, तेव्हा धुऱ्याकडून रानडुकरांचा आवाज येतो, आणि तुझी माय मी परत येईपर्यंत झोपत नाही.

मृग दोन-तीन दिवसांवर आला आहे. आपल्याकडे खरा पाऊस धरायला जूनचा मध्य उजाडतो, त्यामुळे पऱ्हाटीची घाई मी करणार नाही. चांगला तीन-चार इंच पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाल्याशिवाय सरकी टोबायची नाही. भेंडी आणि बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा, मात्र विहिरीच्या पाण्यावर आत्ताच टोबली. ढेमसे आणि दोडक्याची आळी भरून झाली. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मी दर दहा दिवसांनी दोन-दोन वाफे टाकणार आहे, कारण पावसाने तो सडतो आणि ज्याचा वाचतो त्याला त्या आठवड्यात चांगला पैसा मिळतो. तुझी माय सध्या रोज सकाळी निंबाखालच्या निंबोळ्या वेचून वाळवते. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात मिसळली की अळीवरची पहिली फवारणी घरच्या घरी होते.

बाजाराबद्दलही तुला सांगायला हवे. नागपूरला माल पाठवायचा तर सायंकाळी तोडायचा, रात्री सामाईक गाडीत चढवायचा आणि पहाटेच्या लिलावात जो भाव लागेल तो घ्यायचा. २०१६ पासून भाजीची अडत, म्हणजे विक्रीवरचे कमिशन, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, असा राज्याचा नियम आहे. तरी गेल्या वर्षी एका अडत्याने माझ्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, ती कापली. मी विचारले तेव्हा माल दुसरीकडे न्या एवढेच तो म्हणाला. सोळा क्रेट वांगे घेऊन मी पहाटे कुठे जाणार होतो? तो अपमान मी विसरलो नाही. उलट आठवडी बाजारात तुझी माय पोत्यावर बसून चार तऱ्हेच्या भाज्यांचे वाटे लावते, तेव्हा ओळखीची माणसे तिच्याकडे न विचारता येतात आणि पैसा रोख हाती येतो. ते गिऱ्हाईक तिने वीस वर्षांत जोडले आहे. तिच्यापुढे नुसतेच टमाटर असतील, तर घेणारा बाकीच्या भाजीसाठी पुढच्या दुकानावर जाईल आणि टमाटरही तिथेच घेईल.

तरी तुझे म्हणणे मी सर्वस्वी सोडलेले नाही. दहा गुंठे टमाटर लावतो, तेही पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा, उंच वरंब्यावर आणि बांबूला बांधून. एका टप्प्याला भाव पडला तर दुसरा सावरेल. तुझ्या पैशातून आधी रोपांच्या वाफ्यांवर टाकायची नायलॉनची बारीक जाळी घेणार आहे. पांढरी माशी रोपावस्थेतच बसली की मिरचीवर पाने आकसणारा चुरडा-मुरडा रोग येतो, आणि मागच्या साली त्यानेच आपली अर्धी मिरची गेली. उरलेल्या पैशात बांबू आणि तार येईल.

सोबत गेल्या वर्षीच्या सर्व पट्ट्या आणि आठवडी बाजाराची रोजची रक्कम एका कागदावर उतरवून पाठवत आहे. कोणत्या भाजीने किती गुंठ्यांत किती दिले, हे तू नीट मांडून पाहा. माझ्या बेरजेत ढेमसे वांग्याच्या पुढे निघतात, आणि मला त्याची खात्री वाटत नाही. आषाढ संपण्याआधी कळव, म्हणजे वांग्याच्या मागून रिकाम्या राहणाऱ्या चार ओळींत काय लावायचे ते ठरवता येईल.

तुझे
बाबा