पाण्याच्या दिवशीही टिकेल अशी सवय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू होण्याच्या तोंडावर '21 दिवसांत मुलांना शिस्त' अशा जाहिराती दिसू लागतात. पालक शुल्क भरतात. पहिला आठवडा घरात पहाटेचा गजर, व्यायाम, मौन, वहीतले संकल्प असे सगळे दणक्यात चालते. नव्याचे नऊ दिवस सरले की ये रे माझ्या मागल्या. मग 'याला चिकाटीच नाही' असे म्हणून दोष मुलाच्या माथी मारला जातो. खरे तर बहुतेक घरांत नित्यक्रम बांधतानाच चुकलेला असतो. सोलापूरच्या घरांत तो कुठे चुकतो हे बरेच नेमके सांगता येते, म्हणून हे पत्र.

आधी त्या 21 आकड्याविषयी. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये असे लिहिले होते की, शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान 21 दिवस लागतात. पहाटे उठण्याशी किंवा अभ्यासाशी त्याचा काही संबंध नव्हता. सवय कशी लागते याचा पद्धतशीर अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 96 जणांनी प्रत्येकी एकच छोटी कृती निवडली आणि 12 आठवडे ती रोज ठरलेल्या प्रसंगी करायची असे ठरवले. कृती आपोआप घडू लागायला सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18 दिवस पुरले, तर सर्वांत संथ गतीचा अंदाजी हिशेब त्या 12 आठवड्यांच्या पलीकडे, 254 दिवसांपर्यंत गेला. पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त दिवस लागले.

हा हिशेब आपल्या दिनदर्शिकेवर मांडून बघावा. 15 जूनला सुरुवात केली तर 66वा दिवस येतो 19 ऑगस्टला. 254वा दिवस गाठेपर्यंत जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकून फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा लागलेला असतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात 'जमत नाही' म्हणून सोडून देणारे घर अर्ध्या वाटेवरही पोचलेले नसते.

आता मुख्य मुद्दा. आपण नित्यक्रम घड्याळाला बांधतो. सव्वापाचला उठणे, साडेपाचला व्यायाम, सहाला वाचन. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते कधी रात्री दोनला, कधी पहाटे चारला सुटते, तिथे हे वेळापत्रक दर काही दिवसांनी मोडणारच. पाणी सुटले की सगळे घर उठते. मोटर लावायची, हौद भरायचा, पिंप-घागरी भरायच्या, वरच्या मजल्यावर पाइप ओढायचा. मुले पुन्हा झोपतात ती शाळेच्या वेळेलाच उठतात. सव्वापाच कधीच टळून गेलेले असतात, आणि वेळ टळली म्हणून त्या दिवशीचे सगळेच सोडून दिले जाते. हे महिन्यातून पाच-सहा वेळा झाले की नित्यक्रम संपला.

म्हणून नित्यक्रम वेळेऐवजी एखाद्या कामाला जोडावा, असे काम की जे काहीही झाले तरी रोज होतेच. अंथरुणातून उठणे, दात घासणे, आंघोळ, शाळेतून आल्यावर चपला काढणे, रात्रीचे ताट उचलणे. 'दात घासून झाले की मी तीन नमस्कार घालीन' हे वाक्य पहाटे पाचलाही खरे ठरते आणि पाण्याच्या दिवशी सकाळी सातलाही. पीटर गॉलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अशा 'अमुक झाले की तमुक करीन' धाटणीच्या ठरावावर बरेच काम केले आहे. नुसत्या 'मी रोज व्यायाम करीन' या इच्छेपेक्षा असा ठराव पाळला जाण्याची शक्यता जास्त असते. कारण साधे आहे: कधी सुरू करायचे याचा विचार त्या क्षणी करावा लागत नाही.

आपल्या घरांना हे नवे नाही. दिवेलागण झाली की हातपाय धुवायचे, शुभंकरोती म्हणायची, मग पाढे. हे घड्याळ नसलेल्या घरांतही चुकत नसे, कारण ते दिव्याला जोडलेले होते. लिंगायत घरात आंघोळीनंतरची इष्टलिंगपूजा किंवा मुस्लिम घरात सूर्य मावळल्यावरची मगरिबची नमाज याच पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. ज्या घरात असा एखादा पक्का टप्पा आजही आहे, त्यांनी नवी कृती त्याच्या लगेच पुढे जोडावी. शोधाशोध करायची गरजच नाही.

प्रत्यक्ष काय करावे? सकाळी सहा-सात मिनिटे आणि रात्री पाच मिनिटे, एवढेच. जास्त ठेवू नये.

पहिली कृती अंथरुणाची. उठल्यावर पाय जमिनीला लागले की चादरीची घडी करायची. सोलापुरी चादर जड असते, लहान मुलाला एकट्याने हवेत झटकून घडी घालता येत नाही. ती गादीवरच पसरू द्यावी, काठाला काठ लावून लांबीत दुमडावी, तळहाताने मधली हवा काढावी, मग पुन्हा दुमडून तिसरी घडी घालावी. दीड मिनिट लागते. घडी वाकडी झाली तर मोठ्यांनी ती मुलादेखत पुन्हा घालू नये. एकदा आईने घडी नीट केली की ते काम आईचे झाले. पहिला संपूर्ण आठवडा फक्त एवढेच करायचे, दुसरे काही नाही. उत्साही पालकांना हा आठवडा फार जड जातो, पण तो टाळू नये.

दुसऱ्या आठवड्यात दात घासल्यावर तीन सूर्यनमस्कार, रिकाम्या पोटी. नवख्याला एक नमस्कार सावकाश घालायला साधारण मिनिट लागते. छाती उघडते त्या स्थितीत श्वास घ्यायचा, पुढे वाकताना सोडायचा. मुले हमखास श्वास कोंडून धरतात आणि मग घाई करतात. साष्टांग स्थितीत पायांची बोटे, गुडघे, तळहात, छाती आणि कपाळ किंवा हनुवटी टेकते, पोट आणि कंबर वर राहते. बहुतेक मुले तिथे सरळ पालथी झोपतात आणि पुढच्या भुजंगासनात हातांवर सगळा भार देऊन खांदे कानांपर्यंत नेतात. कोपरे अंगालगत, किंचित वाकलेली, खांदे खाली, एवढे बघितले तरी पुरे. एका नमस्कारात उजवा पाय आधी मागे गेला तर पुढच्यात डावा. शहाबादी फरशीवर चादर अंथरून नमस्कार घालू नयेत, पर्वतासनात ती तळव्यांखालून सरकते आणि तोंडावर आपटण्याची भीती असते. कोरडी मोकळी फरशी बरी, किंवा न सरकणारी जाड सतरंजी. पायमोज्यांनी तर कधीच नाही. रक्तदाब, हर्निया, मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत, त्यांनी त्या जागी तीन मिनिटे शांत बसून श्वास मोजावेत.

तीनचे बारा करायची घाई नको. पंधरा दिवसांनी एक वाढवावा. पहिल्याच दिवशी पंचवीस घालणारा आरंभशूर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-दंड धरून बसतो. सवय नसलेल्या व्यायामानंतरचे दुखणे 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त जाणवते, आणि नेमके तेच दिवस सवय रुजण्याच्या सुरुवातीचे असतात.

तिसऱ्या आठवड्यात रात्रीचे काम जोडावे. जेवणाचे ताट उचलून ठेवले की दप्तर भरायचे. उद्याच्या तासिकांप्रमाणे वह्या-पुस्तके, कंपास, धुऊन उपडी ठेवलेली पाण्याची बाटली, खुंटीला गणवेश, बुटात मोजे. मग शंभरपानी वहीत तारीख घालून एकच ओळ: उद्या शाळेतून आल्यावर पहिले काम कोणते. 'अभ्यास' असे लिहू नये. 'गणित, उदाहरणसंग्रह 3, पहिली चार उदाहरणे' असे लिहावे. 'अभ्यास' लिहिणारा मुलगा दुसऱ्या दिवशी पुस्तकांसमोर बसून कुठून सुरुवात करू यातच वीस मिनिटे घालवतो आणि मग मोबाइल हातात घेतो.

मोबाइलचे म्हणाल तर तो गजरासाठी उशाशी असेल तोवर वरचे काहीही टिकणार नाही. गजर बंद करायला हात गेला की अंगठा आपोआप पुढे सरकतो. रात्री सगळ्यांचे मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत, आई-वडिलांचेसुद्धा, आणि गजराला बाजारात मिळते ते साधे घड्याळ आणावे. वडील अंथरुणात पडून व्हिडिओ बघत मुलाला 'ऊठ, नमस्कार घाल' म्हणत असतील तर मुलगा कशाचे अनुकरण करील हे वेगळे सांगायला नको.

खुणेसाठी भिंतीवरचे कॅलेंडर वापरावे. दुधाचा हिशेब आणि पाणी आल्याची तारीख तिथेच लिहिलेली असते, त्यामुळे घरातल्यांची नजर रोज तिथे जाते. त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलने एक फुली. ती मुलानेच मारायची. मोठ्यांनी मारली की तो पहारा होतो. फुलीमागे दहा रुपये असला व्यवहारही करू नये, पैसे थांबले की फुल्या थांबतात.

पाण्याच्या दिवसासाठी छोटा नित्यक्रम आधीच ठरवून ठेवावा, त्या दिवशी सकाळी झोपमोड झालेल्या मुलाशी वाटाघाटी करत बसू नये. चादरीची घडी आणि एक नमस्कार, अडीच मिनिटे. फुली मात्र पूर्ण. परीक्षा, ताप उतरल्यानंतरचा दिवस, घरातले लग्न, परगावचा मुक्काम, सगळ्याला हाच छोटा क्रम चालतो. अंगात ताप असताना घडीसुद्धा नको. एखादा दिवस चुकलाच तर चुकला. वर सांगितलेल्या अभ्यासात एखाद्या दिवसाच्या खंडाने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नव्हता. सवय मोडते ती 'आता सोमवारपासून बघू' या वाक्याने. घरात नियम एकच असावा: सलग दोन दिवस रिकामे जाऊ द्यायचे नाहीत.

सगळ्या घरांना सकाळ सोयीची नसते, हेही ध्यानात घ्यावे. यंत्रमागावर किंवा एमआयडीसीत रातपाळी करणाऱ्याने पाळीवरून आल्यानंतरच्या आंघोळीला कृती जोडावी, मग पाळी बदलली तरी ती सुटत नाही. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या आयांची सकाळ कारखान्यात विड्या देण्याच्या घाईची असते, तिथे मुलांचे सकाळी कोणी बघावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. रात्री दुसऱ्या दिवशीची पाने कापून, ओल्या फडक्यात बांधून झाली की आईची वहीतली एक ओळ आणि मुलाचे दप्तर एकाच वेळी व्हावे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात रात्री झोप लागत नाही, लोक गच्चीवर झोपतात. तेव्हा अंथरूण उन्हाआधी खाली आणावेच लागते, त्यामुळे घडीची सवय लावायला उन्हाळा उलट चांगला. नमस्कार मात्र ऊन चढण्याआधीच व्हावेत.

सात वर्षांखालच्या मुलांना दोनच गोष्टी द्याव्यात, चादर आणि चपला जागेवर ठेवणे. तेरा-चौदाच्या पुढच्यांना कृती त्यांची त्यांना निवडू द्यावी, ती आपल्याला क्षुल्लक वाटली तरी. कोणाला सायकल पुसायची असेल, कोणाला तुळशीला पाणी घालायचे असेल. रोज, ठरलेल्या कामानंतर, कोणी न सांगता ती झाली म्हणजे झाले.

शाळांना एक कळकळीची विनंती. याचा उपक्रम करू नये. पालकांच्या सह्या, फोटो, गटावर पाठवायचे पुरावे आणि शेवटी प्रमाणपत्र असे सुरू झाले की मूल फोटोपुरती चादर घडी करते. पहिल्या पालकसभेत पाच मिनिटे काढून कृती कामाला कशी जोडायची आणि पाण्याच्या दिवशी काय करायचे, एवढे समजावून सांगितले तरी पुष्कळ आहे.

आणि एक विनंती आपल्या दैनिकाला. जूनच्या पहिल्या रविवारी पुरवणीत सात उभे आणि दहा आडवे रकाने असलेला, सत्तर घरांचा एक कोरा तक्ता छापावा. घर एवढे मोठे असावे की पहिलीतल्या मुलाला त्यात फुली मारता येईल. वर '........ झाले की मी ........ करीन' एवढीच ओळ असावी, चित्र किंवा सुविचार नको. मागच्या बाजूला जाहिरात नसेल तर बरे, म्हणजे कापून भिंतीला चिकटवताना कोणी मागेपुढे पाहणार नाही. ज्यांच्या घरी वर्तमानपत्र येत नाही त्यांच्यासाठी शाळांनी त्याच्या झेरॉक्स काढून द्याव्यात.

आपला,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक,
जुळे सोलापूर