उपणणीचा वारा

ग्योटिंगेन, 9 फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी विचारलं, 'बेबी, तू तिथं करते तरी काय?' अन् तेवढ्यात रेंज गेली. म्हणून हे पत्र.

मी वारा मोजते. बंद बोगद्यातून मोठ्या पंख्यानं हवा ओढायची, मध्ये पवनचक्कीच्या पात्याचा तुकडा बसवायचा आणि हवा त्याला धरून जाते की मधेच सुटते ते पाहायचं. हवा दिसत नाही, म्हणून तिच्यात तेलाचे अगदी बारीक थेंब सोडतो. हिरव्या लेझरच्या उजेडात पाठोपाठ दोन फोटो काढले की कोणता थेंब किती सरकला ते कळतं. तेच काम कॉम्प्युटरवर गणितानंही करते.

तीन आठवडे दोन्हींचं जुळेना. कॉम्प्युटर म्हणे हवा लवकर सुटते. बोगद्यात ती पार मागपर्यंत चिकटून. मी पातं घासलं, गणित दहादा तपासलं. जेवण गोड लागेना.

मग खळं आठवलं. बाबा, उपणायला तिव्यावर चढायच्या आधी तुम्ही चिमूटभर कुटार सोडून पाहायचे. धुऱ्यावरच्या बाभळीतून वारा आला की कुटार गरगरायचं. मग तुम्ही तिवा दहा पावलं सरकवायचे, अन् आई डालं उचलून मागं मागं. मी नुसतं पात्याकडे पाहत बसले होते. वारा येतो कुठून, कसा, ते पाहिलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी पातं काढून रिकाम्या बोगद्यात केसाहून बारीक तापती तार धरली. वारा लागला की ती निवते, त्यावरून त्याची चलबिचल मोजता येते. पुढच्या जाळीत कचरा अडकला होता, हवा घुसळून येत होती. कॉम्प्युटरला मात्र मी ती संथ तेलासारखी सांगितलेली. घुसळलेल्या हवेत वरचा वेगवान वारा खाली पात्यापर्यंत उतरतो, म्हणून ती उशिरा सुटते.

असा घोळ मोठमोठ्यांचाही झालाय. टॉवरवाल्या आयफेलनं पॅरिसमध्ये गोळ्यावर वाऱ्याचा जोर मोजला, तो इथल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी भरला. इथल्याच प्रांट्ल या प्राध्यापकांनी 1914 साली गोळ्याभोवती बारीक तारेचं कडं बसवलं. कड्यानं हवा मुद्दाम घुसळली, ती उशिरा सुटली आणि जोर उतरला. कोणाचंच माप चुकलेलं नव्हतं, दोघांकडचा वारा वेगळा होता. हेच प्रांट्ल आधी पाण्याची वाहती टाकी हातानं चाक फिरवून चालवत. तो फोटो पाहिला की मला आपल्या विहिरीवरचा जुना रहाट आठवतो.

आता जाळी साफ केली, कॉम्प्युटरलाही खरा वारा सांगितला. आकडे पुष्कळ जवळ आलेत.

यंदा थ्रेशर लावलं म्हणता, तरी घरच्या खाण्यापुरती तूर उपणालच. तेव्हा दादाला व्हिडिओ काढायला सांगा. तुमचा चेहरा नको, कुटार कसं उडतं ते दिसू दे. अन् बाभूळही येऊ दे त्यात.

तुमची,
बेबी