नवे वायरिंग जळाले, दोष मात्र जुन्या गाडीला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे

विषय: १९८६ च्या मॅटाडोर कॅराव्हानमध्ये (प्रवासात राहण्याजोग्या केलेल्या गाडीत) आपण केलेले संपूर्ण वायरिंग व दोन बॅटऱ्यांचे किट निकामी होऊन जळण्याच्या बेतास आल्याबाबत.

महोदय,

काल दुपारी आपल्या सेवा केंद्राशी झालेले सहावे संभाषण संपल्यावर हे पत्र लिहावयास बसले आहे. आपल्या किटमध्ये पुढची बॅटरी गाडीसाठी, मागची फ्रीजसारख्या उपकरणांसाठी आणि मागची भरावी म्हणून पुढून मागे जाणारी वायर आहे, हे आपणास ठाऊक आहे असे गृहीत धरते, कारण निदान कोणाला तरी ते ठाऊक असले पाहिजे.

यंदाच्या फेब्रुवारीत आपल्या शेडमध्ये आमच्या गाडीचे जुने वायरिंग मुळापासून काढून नवे टाकण्यात आले, आणि त्यासाठी जीएसटीसह ८२,६०० रुपये मी आगाऊ भरले. बिलावर ‘संपूर्ण नवीन हार्नेस, १२ महिने वॉरंटी’ असे आपल्याच शिक्क्यासह लिहिलेले आहे; हार्नेस म्हणजे गाडीतल्या वायरींचा सगळा जुडगा. त्या दिवसापासून गाडीत जुने असे पत्रा, इंजिन आणि आम्ही दोघे एवढेच उरलो आहोत. वायर एकही जुनी नाही. हा मुद्दा आरंभीच लिहीत आहे, कारण गेल्या आठ महिन्यांत आपल्या प्रत्येक प्रतिनिधीने मला ‘गाडी जुनी आहे, वायरिंगचा त्रास होणारच’ हे एकच वाक्य ऐकवले आहे.

पहिली तक्रार मे महिन्यात केली. दिवसभर गाडी चालवूनही मागच्या बाकाखालची बॅटरी भरत नव्हती आणि रात्री दहाच्या सुमारास फ्रीज बंद पडत असे. पुढच्या बॅटरीजवळचा १५ अँपिअरचा निळा फ्यूजही दोनदा उडाला होता. आपला तंत्रज्ञ आला, त्याने निळा फ्यूज काढून ३० अँपिअरचा हिरवा बसवला, ‘आता उडणार नाही’ असे सांगितले आणि चहा घेऊन गेला. त्याचे म्हणणे खरे ठरले, फ्यूज पुन्हा उडाला नाही. फ्यूज असतो तो वायर वाचवण्यासाठी, आणि वायर तीच ठेवून फ्यूज दुप्पट केला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही सांगावे लागत नाही.

मूळ दोष मी नंतर स्वतः मोजून काढला. इंजिन चालू असताना अल्टरनेटरजवळ, म्हणजे इंजिनावर फिरून वीज निर्माण करणाऱ्या यंत्राजवळ, १४.१ व्होल्ट मिळत होते आणि त्याच क्षणी मागच्या बॅटरीवर १२.७. मागच्या बॅटरीकडे जाणाऱ्या वायरमधून १८ अँपिअर जात होते. आपण टाकलेली वायर २.५ चौरस मिलिमीटरची आहे आणि तिची जाऊन-येऊन लांबी ११ मीटर भरते. तांब्याचा रोध लक्षात घेऊन गुणाकार केला, तर वाटेतच सुमारे १.३६ व्होल्ट खर्च होतात. याच जागी १६ चौरस मिलिमीटरची केबल असती, तर ही घट पाव व्होल्टाच्याही आत राहिली असती. लेड-ॲसिड बॅटरी पुरती भरण्यासाठी १४ च्या वर व्होल्ट लागतात. ते न मिळाल्याने ती आठ महिने अर्धपोटी राहिली, प्लेटांवर सल्फेट चढले आणि आता ती तासभरही दम धरत नाही. राहिली गोष्ट निळ्या फ्यूजची. जेथून १८ अँपिअर जातात तेथे १५ चा फ्यूज उडणारच. तो बिचारा आपले काम करत होता आणि त्यालाच कामावरून काढले गेले.

दि. २७ सप्टेंबरच्या रात्री कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटात, पावसात, दोन सीटांमधील इंजिनाच्या झाकणाखालून जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि दहाचा पाना घेऊन पुढच्या बॅटरीचे टर्मिनल सोडवले. दिवे गेले, पार्किंगचे इंडिकेटरही गेले. वळणावर, धुक्यात, मागून ट्रक उतरत असताना माझे पती पाठीमागे विजेरी हलवत उभे होते. झाकण उघडल्यावर दिसले ते असे: मागे जाणारी आपली वायर पत्र्याच्या भोकातून नुसतीच ओवलेली होती, भोकाच्या धारेपासून वायर वाचवणारी रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, तेथे नव्हता. पत्र्याच्या धारेने आवरण कापून ज्वारीच्या दाण्याएवढे तांबे उघडे पडले होते आणि भोकाभोवती रुपयाएवढा काळा डाग होता. वायर पत्र्याला पूर्ण टेकली असती तर ३० चा फ्यूजही उडाला असता. ती खड्ड्याखड्ड्याला अर्धवट टेकत राहिली, तापत राहिली, आणि हिरवा फ्यूज शांतपणे पाहत बसला. तीन-चार रुपयांच्या ग्रोमेटची ही कथा आहे. मी ती वायर दोन्ही टोकांना सोडवली, टेप गुंडाळली आणि गाडी साखरप्यात उतरवली.

आता कालच्या संभाषणाकडे येते, कारण पत्र लिहिण्यास खरे कारण तेच झाले. दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी आपल्या प्रतिनिधीने फोन उचलला. मी तक्रार क्रमांक सांगून म्हणाले, ‘चार्जिंगच्या वायरमध्ये जवळजवळ दीड व्होल्ट पडतात.’ त्यावर ते म्हणाले, ‘मॅडम, व्होल्ट पडत नसतात. वायर पडली असेल तर सांगा.’ मी व्होल्टेज ड्रॉप म्हणजे काय ते समजावू लागले, तर त्यांनी मध्येच विचारले, ‘घरी सर आहेत का? विषय टेक्निकल आहे म्हणून विचारतो.’ मी सांगितले की गाडी माझ्या नावावर आहे, तक्रार माझी आहे आणि मोजमापही मीच केले आहे. ‘ते ठीक आहे मॅडम, पण सरांना द्याल का?’

महोदय, मी २९ वर्षे वीज उपकेंद्रांवर काढली आहेत. १३२ केव्हीच्या यार्डात रात्रपाळ्या केल्या आहेत. माझे पती शाळेत संस्कृत शिकवत होते आणि घरातला बल्बही मीच बदलते. तरीही कुतूहल म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हाती दिला. पुढची ११ मिनिटे आपल्या प्रतिनिधीने त्यांना मोठ्या आदराने समजावले की गाडी जुनी आहे, जुन्या गाडीच्या पत्र्यात करंट फिरतो, असे होणारच, आणि ‘मॅडमना सांगा, टेन्शन घेऊ नका’. जळक्या वासाबद्दल यांनी विचारले, तर ‘सर, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका’ असे उत्तर मिळाले. वासाचा फोटो कसा काढतात, याची माहितीपत्रिका आपल्या किटसोबत आली नव्हती. शेवटी यांनी प्रामाणिकपणे सांगितले, ‘मला या गाडीतला फक्त हॉर्न कळतो, आणि सध्या तोही वाजत नाही.’ त्यावर आपले प्रतिनिधी हसले आणि तक्रार ‘ग्राहकाचे समाधान झाले’ अशा शेऱ्यासह बंद केल्याचा संदेश चार मिनिटांत माझ्या मोबाइलवर आला. कोणत्या ग्राहकाचे समाधान झाले ते त्यात लिहिलेले नाही.

पुन्हा लिहिते की वायरिंग जुने नाही. ते आपले आहे आणि आठ महिन्यांचे आहे. गाडी ३९ वर्षांची आहे हे आपणास पैसे घेतानाही दिसत होते, आणि त्या वेळी आपल्याच माणसाने ‘अशा गाड्यांचेच आम्ही स्पेशालिस्ट’ असे सांगितले होते. त्या एका वाक्यावर विसंबून मी आमच्या ओळखीतल्या आणखी दोघांना आपल्याकडे पाठवले, याचे आज वाईट वाटते. मागच्या काचेवरचे आपले स्टिकर मी खरवडून काढावयास घेतले आहे. अर्धे निघाले, उरलेले वायरिंगपेक्षा घट्ट बसलेले आहे.

माझी मागणी अशी की मागच्या बॅटरीची केबल योग्य जाडीची, दोन्ही बॅटऱ्यांजवळ योग्य फ्यूजसह आणि प्रत्येक भोकात ग्रोमेट बसवून, कोल्हापुरात येऊन विनामूल्य बदलून द्यावी, आणि निकामी झालेल्या बॅटरीची किंमत परत करावी. हे १५ दिवसांच्या आत न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्यानुसार मी राहते त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही लागत नाही. तेव्हा मला पुण्याला यावे लागणार नाही, आपणास मात्र कोल्हापूरला यावे लागेल. बिलाची प्रत, मीटरच्या वाचनांचे फोटो आणि त्या काळ्या डागाचा फोटो सोबत जोडला आहे. जळालेला तुकडा मी जपून ठेवला आहे, तो मूळ स्वरूपात आयोगापुढेच सादर होईल.

उत्तर लेखी द्यावे. फोनच करावयाचा असेल तर माझ्याशी बोलावे. व्होल्ट पडतात की नाही, याबाबत सरांचे मत अद्याप बनलेले नाही.

आपली,
तक्रारदार ग्राहक व मॅटाडोरची मालक,
कोल्हापूर