मामा, मुंबई आणि तो पिक्चर

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज आला "बघितलास काय, कसा वाटला", मी लिहिलं "सविस्तर सांगतो", आणि तुला वाटलं असणार की संपलं, आता हा काय सांगत नाही. तर हे घे सविस्तर. इथं बेळगावात सकाळपासून पाऊस आहे, दोनदा लाईट गेली, रेल्वेच्या दुसऱ्या गेटजवळ पाणी साचलंय त्यामुळं बाहेर पडायचा प्रश्न नाही, आईनं भजी करते म्हणून सांगून पीठ भिजवायच्या आधीच डोळा लावलाय. निवांत आहे मी.

'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. पायल कपाडियाचा, मुंबईच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या तीन बायकांचा. पूर्ण नाव एकदाच लिहितो, पुढं नुसतं पिक्चर म्हणतो, कारण टाईप करताना जीव जातो. २०२४ च्या मे मध्ये फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलला ग्रां प्री हे बक्षीस मिळालं तेव्हा तूच मला लिंक पाठवली होतीस, तीस वर्षांनी भारतातला पिक्चर तिथल्या मेन कॉम्पिटिशनला गेला म्हणून. नोव्हेंबरात थेटरात लागला म्हणे, आपल्या इथं मला तरी कुठं पोस्टर दिसलं नाही, आणि तू पुण्यात बसून बघून आलास आणि वर मला स्टेटस दाखवलंस. मी आत्ता बघितला, घरी टीव्हीवर, आणि एकटा नाही, मामासोबत.

खानापूरचा मामा, तुला माहीत आहे, शाळेत असताना त्याच्या काजूच्या झाडावरनं तू पडला होतास. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला आलाय, एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं व्हायचंय, डॉक्टरांनी टीव्ही कमी बघा सांगितलंय म्हणून हा डोळे मिटून टीव्ही ऐकतो. मी पिक्चर लावला तेव्हा कोचावर आडवा होता. मला वाटलं झोपला.

सुरुवात आठवते ना तुला? रात्रीचा बाजार, माल उतरवणारी माणसं, कॅमेरा रस्त्यावरनं सरकतोय आणि वरनं नुसते आवाज. कोण आहेत ते दिसत नाही. वेगवेगळ्या भाषेत आपापलं सांगत्यात, मुंबईत कसे आलो, काय केलं. एकजण म्हणतो इतकी वर्षं झाली तरी हिला घर म्हणायला भीती वाटते, कधी जावं लागेल सांगता येत नाही. तिथं मामानं डोळे मिटूनच विचारलं, "काय बघूलालास?" म्हटलं पिक्चर. "मुंबई हाय की ही." अरे त्यानं बघितलंसुद्धा नव्हतं! नुसत्या आवाजावर. मग उठून बसला, चष्मा चढवला, डॉक्टर गेले खड्ड्यात, आणि शेवटपर्यंत (म्हणजे जवळजवळ शेवटपर्यंत, ते पुढं सांगतो) बघितला.

आता 'शहर हेच एक कॅरेक्टर आहे' हे वाक्य मी इतक्या पिक्चरांबद्दल वाचलंय की त्याचा मला वैताग येतो. ड्रोननं चार शॉट घेतले, वडापावची गाडी दाखवली, समुद्रावर हिरॉईन उभी केली की झालं शहर कॅरेक्टर. ह्यात तसलं काहीच नाही. ह्यात शहर उभं राहून दिसत नाही, ते माणसांना काहीतरी करतं. ती धाकटी नर्स, अनू, तिचं त्या मुसलमान पोराबरोबर जमलेलं, पण दोघांना बसायला जागा कुठाय? लाखो माणसांच्या गावात दोन माणसांना चार भिंती मिळेनात. मग एकदाचं ठरतं, घरी कोण नाही, ती बुरखा विकत घेते, निघते, आणि पाऊस पडतो, गाड्या बंद, सगळं बारगळतं. व्हिलन नाही, बाप नाही, भाऊ नाही, नुसता पाऊस आणि लोकल. मला एवढं चिडायला झालं माहीत आहे, जणू माझंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या एखाद्या पिक्चरात मुंबईच्या पावसात गाणं झालं असतं.

आणि तो निळा रंग. नर्सांचे ड्रेस निळे, रात्र निळी, पावसाळ्यात घराघरांवर टाकलेली ताडपत्री निळी. सुरुवातीला मला वाटलं कॅमेरावाल्यानं (रणबीर दास) उगाच आर्ट केलंय. मग खिडकीतनं समोर बघितलं तर समोरच्यांच्या कौलांवर तीच ताडपत्री, वर विटा ठेवलेल्या, वाऱ्यानं एक कोपरा फडफडतोय. ती ताडपत्री मी जन्मापासून बघतोय आणि ती निळी आहे हे मला परवा कळलं.

मामा मात्र पार्वतीवर अडकला. छाया कदमनं केलेली ती, हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची. बावीस वर्षं चाळीत राहिली, नवरा गेलेला, बिल्डर आता बाहेर काढतोय, आणि हिच्याकडं राहत होते म्हणून दाखवायला एक कागद नाही. वकिलाला काय दाखवणार. ती म्हणते ना, कागद नसला तर माणूस हवेत विरून गेला तरी कुणाला कळायचं नाही, साधारण असं काहीतरी. मामा एकदम म्हणाला, "थांब जरा." मी पॉज केलं. मला वाटलं बाथरूमला जातोय. नुसता बसला. मग म्हणाला लाव.

त्याची गोष्ट तुला अर्धीच माहीत असेल. दहावी नापास झाल्यावर तो मुंबईला गेला, तेव्हा आपल्या इथं मीटरगेज, मिरजेला गाडी बदलायची, ट्रंक डोक्यावर. लोअर परळला गावकीची खोली, खानापूर, चंदगड, आजरा ह्या सगळ्या पट्ट्यातली पोरं तिथं अशाच खोल्यांत असायची, एका खोलीत वीस-पंचवीस, एकाची पाळी सुटली की त्याच जागेवर दुसऱ्यानं झोपायचं, वळकटी भिंतीला, जेवण खानावळवाल्या मावशीकडं. गिरणीत सात वर्षं. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि मामा "पंधरा दिवसात मिटतंय" म्हणून गावी आला तो आलाच. खोलीत त्याची ट्रंक आणि एक टेबलफॅन राहिला. फॅन त्यानं पहिल्या बोनसमध्ये घेतलेला. ट्रंक नंतर गाववाल्यांनी आणली, फॅन आला नाही, आणि चाळीस वर्षं झाली तरी उन्हाळ्यात तो विषय निघतोच.

मग पुढं कधीतरी गिरणी कामगारांना म्हाडाची घरं मिळणार म्हणून गाजलं, तेव्हा पुरावा पाहिजे होता, गिरणीत कामाला होतो म्हणून. मामाचं हजेरीकार्ड, पगाराची पावती, सगळं ट्रंकेत. ट्रंक उघडली तर खालनं वाळवी. आई सांगते की त्यानं तो भुगा हातात घेऊन बराच वेळ चाळला, जणू त्यात एखादा अक्षराचा तुकडा सापडेल. कार्डाचा एक कोपरा राहिला होता, त्यावर नुसता नंबर, नाव नाही. तो कोपरा अजून त्याच्या पाकिटात आहे, परवा मला काढून दाखवला. पिवळा, मऊ झालेला, बोटाच्या पेराएवढा.

त्यामुळं पार्वती आणि ती मोठी नर्स प्रभा रात्री जाऊन बिल्डरच्या त्या मोठ्या बोर्डावर दगड मारतात ना, तिथं मामा एवढ्यांदा "हाण!" म्हणाला की आई आतनं धावत आली.

ते 'स्पिरिट ऑफ मुंबई' प्रकरणही मला आवडलं. पिक्चर सरळ म्हणतो की स्वप्नांचं शहर वगैरे काय नाही, भ्रमाचं आहे, गटारात राहावं लागलं तरी रागवायचं नाही हा इथला नियम आणि त्यालाच लोक स्पिरिट म्हणतात. पूर आला, बॉम्ब फुटला की दुसऱ्या दिवशी सगळे कामावर, की पेपरात स्पिरिट. मामाला विचारलं. म्हणाला, "दुसऱ्या दिवशी खाडा लागला तर पगार कोण देणार, तुझा पेपर?"

आता प्रभा. ती करणारी कनी कुसृती काय बाई आहे रे! काही करत नाही आणि सगळं कळतं. लेडीज डब्यात दांडा धरून उभी असते तेवढ्यावर तिकीट वसूल. नवरा जर्मनीत, फोन नाही, पत्र नाही, आणि एक दिवस तो लाल राईस कुकर येतो, चिठ्ठी नाही, काही नाही. आणि रात्री ती त्या कुकरला मिठी मारते. सांगताना वेडपट वाटतं, पण बघताना माझ्या घशात काहीतरी अडकलं. पिक्चरचं मल्याळी नाव बघितलंस का, 'प्रभयाय निनच्चतेल्लाम', म्हणजे त्यातला उजेड म्हणजे ती प्रभाच, आपल्याकडचाच शब्द. इंग्रजी नावात ती गायब झाली.

ह्यावरनं आठवलं. मागच्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्स मल्याळी होती. आई मराठीत बोलणार, नर्स मोडक्या कन्नडात आणि हिंदीत, आयांचं सगळं कन्नडात. आई दुखतंय म्हणून कळवायला हातवारे करत होती, शेवटी कंटाळून "वेदना, वेदना" म्हणाली, आणि ती पोरगी हसायलाच लागली, त्यांच्यातही वेदनाच म्हणे. मग सात दिवस दोघींचं तेवढ्या एका शब्दावर चाललं. डिस्चार्जच्या दिवशी आई तिला "मी येतो गं" म्हणाली, आपल्या बायका म्हणतात तसं, पुण्यात तुझी बायको ज्याला हसते तेच, आणि त्या पोरीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा ती कुठं राहते, ड्युटी सुटल्यावर कुठं जाते, तिचा कुकर कुणी पाठवला, ह्यातलं मी काहीच विचारलं नाही. बिल भरलं आणि आलो. पिक्चर बघताना तीच डोळ्यासमोर. नावही आठवेना.

सगळंच भारी असं काय नाही हां. पार्वती गावी परत निघते, ह्या दोघी तिच्यासोबत जातात, तिथं कोकणात गेल्यावर पिक्चर मला जरा सुटला. तो बुडालेला माणूस, प्रभानं त्याला वाचवणं, मग तो नवऱ्यासारखा बोलायला लागणं, कळतं काय म्हणायचंय ते, पण पहिल्या भागात प्रत्येक गोष्टीला शहराचा दाब होता तो तिथं निघून गेला. आणि गावात माणसं एवढी कमी कशी? सुट्टीला गावी गेलं की पहिल्या तासात चारजण विचारतात लग्न झालं काय, पगार किती. पायल कपाडिया पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची, तुझ्या घरापासून चालत जाण्यासारखं, जाऊन विचार कुणालातरी. मामा तर त्या गुहेच्या सीनला घोरायला लागला. तुला हा भाग जास्त आवडला म्हणालास, भेटल्यावर भांडू.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक खूळ शिरलंय. आपल्या गावावर कुणी असा पिक्चर केला तर? किल्ला नाही, कुंद्याची मिठाई नाही, सुवर्णसौध म्हणजे ती विधानभवनाची इमारत नाही, एक नोव्हेंबरचा काळा दिवस नाही. पहाटेचं भाजी मार्केट, गोव्याला जाणारे टेम्पो भरतायत, हमाल कन्नडात शिव्या देतोय, दलाल मराठीत हिशोब सांगतोय, ड्रायव्हर कोकणीत फोनवर. वडगावात शिरलं की मागांचा खटखटाट, तो बंद असला की गल्ली आजारी वाटते. बसवर कन्नड बोर्ड वाचून उच्चार चुकवणारी म्हातारी. आणि वरनं नुसते आवाज. मी परवा खरंच मोबाईल घेऊन गणपत गल्लीतनं खडेबाजारापर्यंत रेकॉर्ड करत गेलो. घरी येऊन ऐकलं तर एक बाई एकाच वाक्यात तीन भाषांत कोथिंबिरीचा भाव पाडत होती आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. बाकी सगळं हॉर्न. कपिलेश्वरच्या पुलावर तर माझाच श्वास ऐकू येतोय, दमा झाल्यासारखा. तुला पाठवतो, हेडफोन लावून ऐक.

घराच्या उताऱ्याचंही काम काढलंय ह्या पिक्चरमुळं, हसू नकोस. आजोबांच्या वेळचे कागद मराठीत, नवीन उतारा कन्नडात, आणि त्यात आडनाव वेगळंच पडलंय. दोन खेपा झाल्या, साहेब एकदा रजेवर, एकदा जेवायला. मी सगळ्याच्या झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्यात, वाळवी लागायला नको.

मामाचा दुसरा डोळा सोमवारी आहे. काल भाकरी खाताना मध्येच विचारतो, "त्या बाईला खोली गावली काय रे शेवटी?" म्हटलं नाही, गावी गेली की ती, तू झोपला होतास. बराच वेळ चावत बसला. मग म्हणाला, "आणि सामान? सगळं आणलं काय तिनं?"

मला आठवेना. तू थेटरात बघितलायस, नीट आठवून कळव.

तुझा,
दुसऱ्या गेटवरचा