शाल-श्रीफळ नको म्हणणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेतला खेळाचा तास बदलून दाखवलात म्हणून ठरवलेल्या सत्काराला तुम्ही साफ नकार दिलात. "स्टेजवर बसवणार असाल तर मी येणारच नाही," असं मोठ्या बाईंना फोनवर ठणकावलंत. तेव्हा आम्ही शिक्षकांनी ठरवलं, पत्र लिहायचं आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहायचं. तिसरीचा वर्ग माझ्याकडे आणि तुमच्याशी सगळ्यात जास्त हुज्जत घातलेली मीच, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. पत्राला तुम्ही नाही म्हणू शकत नाही, कारण ते आता लिहून झालंय.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. आमची प्राथमिक शाळा जुन्या बडोद्यातली, पहिली ते पाचवी. जुनी दुमजली इमारत, फरशीचं अंगण, मधोमध कडुनिंब, एका कडेला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या कडेला आम्हा शिक्षकांच्या स्कूटर. मैदान म्हणायचं ते एवढंच. निम्म्या मुलांच्या घरी मराठी, बाकीच्यांच्या घरी गुजराती. भांडण दोन्ही भाषांत. वेळापत्रकात आठवड्याला पीटीचे दोन तास, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे. त्यात दहा मिनिटं रांग लावण्यात जायची आणि पाच मिनिटं रांग मोडली म्हणून रागावण्यात.

तुम्ही रेल्वेतून निवृत्त झालेले, नातीला सोडायला फाटकापर्यंत येणारे आजोबा. तालमीत वाढलेल्या माणसाची बसायची-उठायची ढब वेगळी असते, ती आम्हाला दिसायची. पण तुम्हाला आत कुणी बोलावलं नव्हतं. तुम्ही स्वतःच एक दिवस मोठ्या बाईंसमोर जाऊन उभे राहिलात आणि विचारलंत, "त्या पायरीवर रोज कोण बसतं?"

पायरीवर बसायची ती आउट झालेली मुलं. साखळीत पकडलेलं मूल, लंगडीत बाद झालेलं मूल, लगोरीत चेंडू लागलेलं मूल. तुमचं म्हणणं इतकं सरळ होतं की आजवर कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही याचंच नवल वाटतं: जे मूल सगळ्यात हळू पळतं ते सगळ्यात आधी बाद होतं, म्हणजे ज्याला पळण्याची सगळ्यात जास्त गरज तेच मूल तासभर बसून राहतं. चपळ पोरं तासातलं सगळं पळणं खाऊन टाकतात. खो-खोचंही तेच. नऊ जणांच्या संघात आठ जण चौकात बसलेले, एक पळणार. पलीकडून तीन पळणारे. अस्सल स्पर्धेत ते शोभतं. चाळीस मुलांच्या वर्गात बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या?

मग तुम्ही नियमच फिरवलेत. बाद झालेल्याने पायरीवर जायचं नाही, कडुनिंबाला दोन फेऱ्या घालून, दहा दोरीउड्या मारून परत डावात यायचं. लंगडी एकच मोठी न खेळता अंगणात खडूने पाच छोटे चौकोन आखून पाच लंगड्या एकाच वेळी. विषामृतात 'विष' मिळालेल्या मुलाने नुसतं गोठून उभं राहायचं नाही, जागेवर उड्या मारत राहायचं, कुणी 'अमृत' देईपर्यंत. आणि रांगेच्या शर्यती बंद. चाळीस जणांच्या एका रांगेत एकेकाच्या वाट्याला पळणं येतं मिनिटभराचं, उरलेला वेळ पुढच्याच्या वेणीशी खेळण्यात जातो, हे तुम्ही घड्याळ लावून आम्हाला दाखवलंत.

माझ्या वर्गातली एक मुलगी पीटीच्या तासाला पोट धरून बसायची. नेमानं. घरी विचारलं तर घरी पोट कधीच दुखत नव्हतं. तुम्ही तिला काहीच समजावलं नाहीत. खिशातून सुतळी काढलीत, तिला रेघेवर उभं केलंत, "उडी मार" म्हणालात. जिथे टाच टेकली तिथवर सुतळी ताणलीत, तेवढी तोडलीत, टोकाला गाठ मारलीत आणि तिच्या हातात दिलीत. "ही तुझी उडी. कंपासपेटीत ठेव. पुढच्या शनिवारी हिच्यापेक्षा लांब गेलीस तर नवी देईन." बस, एवढंच. शेजारची किती लांब उडाली हे तिला कळायचं कारणच नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिसरीच्या यच्चयावत कंपासपेट्यांमध्ये सुतळी होती, आणि पट्टी-कर्कटकापेक्षा तिची जास्त काळजी घेतली जात होती. एका मुलाने आपल्या सुतळीला चोरून ओढून लांब करायचा प्रयत्न केला. सुतळी काही वाढली नाही, मग त्याने उडी वाढवली.

दादा, या सगळ्याबद्दल आभार आहेतच. पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते उठाबशांबद्दल.

गृहपाठ नाही, काढ दहा उठाबशा. वर्गात बोललास, घाल अंगणाला चार फेऱ्या. आणि फारच दंगा केलास तर तुझा पीटीचा तास बंद. शाळाशाळांतून हे इतकं चालत आलेलं आहे की त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. तुम्ही स्टाफरूममध्ये येऊन बसलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "आम्ही तालमीत बैठका मारायच्या त्या बजरंगबलीला नमस्कार करून. इथे त्याच बैठका पोराला कान धरून मारायला लावता. मग मोठेपणी तो व्यायामाला हात कशाला लावेल?" कुणी काही बोललं नाही. मग हळूच पुढचं बोललात की ज्या मुलाला एका जागी बसवत नाही त्याचाच खेळाचा तास काढून घेणं म्हणजे तापलेल्या पोराचं पाणी बंद करणं. त्या दिवसापासून आमच्या शाळेत व्यायाम ही शिक्षा नाही आणि खेळ बंद ही शिक्षा नाही. मोठ्या बाईंनी तसं सूचनेच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. हा बदल करायला पैसा लागला नाही, जागा लागली नाही. नुसती एक सवय सोडायला लागली, आणि तीच सगळ्यात जड गेली.

पालकांची समजूत घालणं हे वेगळंच प्रकरण. "बेन, अभ्यास बुडतो" हे वाक्य मी दोन्ही भाषांत ऐकलं. पालकसभेत मी आकडे सांगितले: जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि त्यातही आठवड्यातून किमान ३ दिवस हाडं आणि स्नायू मजबूत होतील असं काहीतरी. लोकांनी माना डोलावल्या आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. तुम्ही उठलात आणि बडोद्याचं सांगितलंत. ज्या गावात जुम्मादादांचा आखाडा आहे, जिथे राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी शेकडो मुलांना एका तालात व्यायाम करायला लावला आणि कवायतीच्या इंग्रजी आज्ञा बाजूला सारून देशी आज्ञा आणल्या. जिथे १९२३ साली हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम ठरवून स्पर्धा भरवल्या. जिथून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड निघाले, त्या गावातली मुलं दोन जिने चढून धापा टाकतात, असं म्हणालात. "सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याच महाराजांना कुस्तीची आवड होती. एकाने दुसरं बुडतं असं त्यांना वाटलं नाही." मागच्या रांगेतले एक आजोबा ताडकन उभे राहिले आणि लहानपणी आपण माणिकरावांच्या आखाड्यात लेझीम खेळल्याचं सांगू लागले. ते थांबेनात, पण सभा जिंकली ती त्यांनीच.

ज्ञानकोशाचा तुमच्याकडचा तो जुना जाडजूड खंड अजून स्टाफरूमच्या कपाटात आहे. परत न्यायचा असेल तर सांगा. पण चौथीच्या बाई त्यातली चित्रं बघून मुलांना काहीबाही करायला लावतात, तेव्हा घाई नको.

तुम्ही काय करू दिलं नाहीत हेही लिहायला हवं. एका हौशी पालकाने मल्लखांब द्यायची तयारी दाखवली होती. आम्ही हरखलो. तुम्ही विचारलंत, खाली गादी कोण देणार, खांबापाशी रोज उभं कोण राहणार? पुरलेला खांब फरशीत रोवून, एरंडेल चोळून, पहिलीतल्या पोराला पायांची अढी मारायला लावणं म्हणजे हात मोडून घेणं. "आधी लोंबकळायला शिकवा," म्हणालात. मग जिन्याखाली एक पक्का लोखंडी दांडा बसवला, मुलांचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर, खाली जुन्या गाद्या. डबा खाऊन झाला की तिथे आता रांग असते, आणि या रांगेला कुणी रागावत नाही. वजनं नकोत, जोर काढायची घाई नको. बेडूकउड्या, खेकड्याची चाल, एका पायावर तोल आणि लोंबकळणं, या वयाला एवढं पुष्कळ झालं, हे तुमचं सांगणं आम्ही भिंतीवर न लिहिताही पाळतो.

एप्रिलच्या उन्हाचं तुम्ही धरलेलं धोरणही कामाला आलं. सकाळपाळीचा पहिला तासच खेळाचा, नऊनंतर अंगणात कुणी नाही, आणि तहान लागायची वाट न बघता मध्येच घोटभर पाणी. पावसाळ्यात फरशीला शेवाळ धरलं तेव्हा सगळं व्हरांड्यात हलवलंत: तळ्यात-मळ्यात, शिवाजी म्हणतो, आणि सात-आठचे पाढे म्हणत एकेका आकड्याला एक उडी. (आठचा पाढा पाठ होण्याचं श्रेय मी घेते, तुम्हाला देणार नाही.) श्रावणात गल्लीतल्या आज्यांना बोलावून मुलींबरोबर मुलांनाही फुगडी घालायला लावलीत. पहिल्यांदा मुलगे लाजून भिंतीला चिकटले होते. एका आजीने दोघांना मनगटाला धरून अशी काही गरगर फिरवली की मग त्यांना आवरणं कठीण झालं. नवरात्राआधी गरबा तर इथे शिकवावाच लागत नाही. दोन टाळी, तीन टाळी, आणि पंधरा मिनिटांत पाचवीचा वर्ग घामाघूम.

एका बाबतीत मात्र आपलं जुळलेलं नाही आणि जुळणारही नाही. स्पीकरवर गाणी लावून नाचवणं तुम्हाला मुळीच पसंत नाही, "व्यायामाला बाजा कशाला?" असं तुम्ही विचारता. मुलांना ते आवडतं, दादा. लेझीमला हलगी चालते तर यांना स्पीकर का नको? शुक्रवारी तुम्ही नसता तेव्हा आम्ही लावतो. आता जाहीरच केलं म्हणजे लपवाछपवी संपली.

फरक किती पडला असं कुणी विचारलं तर वजन-उंचीचे तक्ते माझ्याकडे नाहीत, आणि मुलांची वजनं फळ्यावर लिहायला तुम्ही मनाई केली होती ती योग्यच होती. 'जाड्या' हा शब्द उच्चारला की तुम्ही खेळ थांबवायचात आणि बोलणाऱ्यालाच पंचाचं काम द्यायचात, म्हणजे आता सगळ्यांकडे नीट बघ. मला दिसतं ते एवढं: पोट दुखणारी मुलगी सध्या पाच लंगड्यांपैकी एकीची कप्तान आहे, दुपारच्या तासाला डोळे चोळणारी मुलं कमी झालीत, आणि शिक्षकांच्या स्कूटर आता फाटकाबाहेर लागतात. शेवटची गोष्ट तुम्ही कधी मागितली नव्हती. पाचवीच्या मुलांनी अर्ज लिहून मागितली, आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका असूनही मोठ्या बाईंनी मंजूर केला.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला जिने बंद केलेत, कळलं. आमचं अंगण तळमजल्यावर आहे. खुर्ची आम्ही ठेवू, तिला स्टेज समजू नका. पाचवीच्या मुलांनी चारच पाट्यांची आट्यापाट्या बसवली आहे, आणि रेघेवर उभ्या असलेल्या गड्याचा एक पाय रेघेबाहेर गेला असताना त्याने मारलेला गडी बाद धरायचा की नाही यावरून दोन तट पडलेत. एका बाजूला तुमची नात आहे, त्यामुळे घरून सांगितलेला निकाल चालणार नाही असं दुसऱ्या बाजूने मला बजावलंय. शनिवारी साडेसातला या, आणि येताना तुमच्या तालमीत जास्तीच्या दोऱ्या असतील तर घेऊन या. आमच्या आठ तुटल्यात.

आपली नम्र,
तिसरीच्या बाई
(आणि सहीसाठी मागे उभे असलेले बाकी सगळे शिक्षक)