नवऱ्याचं कर्ज बायकोनं फेडायलाच पाहिजे का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत त्या विधवेच्या कादंबरीवर लेख आला होता, नवरा अचानक जातो आणि मग एकेक करून त्यानं घरात न सांगितलेली कर्जं बाहेर येतात, ती कादंबरी. लेख वाचून लगेच वाचनालयातून पुस्तक आणलं आणि वाचून काढलं. पुस्तक चांगलंच आहे. पण लेखाच्या शेवटी नायिकेचं जे कौतुक केलंय, की तिनं नवऱ्याची पै न पै फेडली आणि त्याचं नाव राखलं, त्याबद्दल मला लिहायचंय, कारण मी इचलकरंजीत राहते, माझी सगळी नोकरी एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर झाली, आणि अशा बायका मी टेबलाच्या पलीकडे बसलेल्या बघितल्यात.

आमच्याकडं यंत्रमागाचा धंदा, त्यात खर्चीवाला म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारा, त्याचं सगळं उधारीवर चालतं. बाजार पडला की मजुरी अडकते, लाइट बिल थकतं, मग भिशी आधी उचलायची, मग सोनेतारण, मग मित्राला जामीन राहायचं म्हणजे तो आपल्याला राहील, आणि शेवटी कोरे चेक देऊन दर महिन्याच्या व्याजानं पैसे. यातलं बायकोला फक्त सोनेतारण माहिती असतं, कारण दागिने तिच्या कपाटातनं गेलेले असतात. कादंबरीत हे फार बारकाईनं आलंय. माणूस वाईट नसतो, घरात जीव असतो, पण सांगायची लाज वाटते आणि दरवेळी वाटतं की पुढच्या सीझनला भागवू. नवरा गेल्यावर तिला राग आणि रडू एकदमच येतं आणि कुठलं आधी बाहेर काढायचं तेच कळत नाही, ती पानं मी परत परत वाचली. सासू आणि सून स्वयंपाकघरात बसून खर्चाची वही लिहायला लागतात, सासू पहिल्यांदा तिला विचारून भाजी आणते, तिथं घर परत उभं राहतंय हे दिसतं. लेखकानं ते सुंदरच लिहिलंय.

पण मग दारात माणसं येतात, आणि ती प्रत्येकाला हो म्हणते. माझं भांडण इथं आहे.

प्रत्यक्षात काय होतं सांगते. तेरावं व्हायच्या आत कोणीतरी येतो, चप्पल बाहेर काढून आत बसतो, पाणी पितो, आणि म्हणतो वहिनी, दादाचं नाव खराब व्हायला नको, तुम्ही फक्त एवढ्या कागदावर सही करा, पैसे सावकाश द्या. ती सही करते. डोक्यावर दुःख, घरात पाहुणे, कोण कागद वाचतंय. आणि त्या एका सहीनं जे कर्ज तिचं नव्हतं ते तिच्या नावावर येतं. नवऱ्याच्या जुन्या चिठ्ठीवर कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, ती संपत आलेली असली तर त्या माणसाला नवी सही पाहिजेच असते, म्हणून तर तो इतक्या घाईनं आलेला असतो.

कायदा असा आहे की मेलेल्या माणसाचं कर्ज त्याच्या मालमत्तेतनं वसूल होतं, बायकोच्या पगारातनं नाही, तिच्या माहेरच्या सोन्यातनं नाही. वारस म्हणून तिच्या हातात जेवढं आलं तेवढ्यापुरतीच तिची जबाबदारी, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५० आणि ५२ कलमात हे लिहिलेलं आहे. काही आलंच नसेल तर द्यायचं पण काही नाही. बापाचं देणं पोरानं फेडणं हे धर्माचं कर्तव्य मानून कोर्टं पूर्वी पोरावर हुकूम करायची, ते सुद्धा २००५ च्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीनं त्यापुढच्या कर्जांसाठी बंद झालं. आणि नवऱ्याच्या सहीचा चेक परत गेला म्हणून बायकोवर चेक बाउन्सची केस होत नाही, चेकवर तिची सही नसेल तर नाहीच. हे मी इथं इतकं लिहितेय कारण कोऱ्या चेकची भीती घालूनच निम्मी वसुली होते.

अर्थात जिथं तिनं स्वतः सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केलेली असेल तिथं ती बांधलेली आहे, आणि घर किंवा माग तारण असतील तर त्यांच्यावरचा बोजा माणूस गेल्यानं उतरत नाही. घरकर्जात बायकोची सही बहुतेक असतेच, म्हणून कुठं कुठं सही केली होती हे आधी बँकेत जाऊन लेखी मागायचं. तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, कर्जखात्याचा उतारा मागायचा, आणि त्याच वेळी विचारायचं की कर्जाबरोबर विमा काढला होता का. खूप ठिकाणी काढलेला असतो, हप्त्यातनं पैसे पण कापलेले असतात, आणि घरच्यांना पत्ता नसतो. पासबुकात ४३६ रुपयांची वर्षातनं एकदा कापलेली नोंद दिसली तर ती बहुतेक पंतप्रधान जीवनज्योती विम्याची असते, त्याचे २ लाख मिळतात. कादंबरीतली नायिका नवऱ्याची सगळी कागदपत्रं पलंगावर पसरून बसते, त्यात देणी शोधते, पण येणी एकदाही शोधत नाही. मला तिथं पुस्तकात हात घालून तिला पासबुक दाखवावंसं वाटलं.

आता सोन्याबद्दल. नायिका मंगळसूत्र विकून शेवटचं देणं भागवते आणि तो प्रसंग लेखात फार उदात्त म्हणून दिलाय. आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही, आणि लगेच त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ज्या जिल्ह्यातनं हा ठराव निघाला तिथली मी, म्हणून मला ते मंगळसूत्र सोनाराकडं गेलेलं बघवत नाही. जप्तीच्या कायद्यात सुद्धा घरातले कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीनं बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. कोर्टाचा बेलिफ जे उचलू शकत नाही ते तिनं आपल्या हातानं काढून द्यावं आणि आपण वाचकांनी त्याला मोठेपणा म्हणावं, हे मला पटत नाही.

सावकाराचं तर अजूनच वेगळं. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं हा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानं गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडं किंवा जिल्हा उपनिबंधकांकडं करता येते. आणि बँकेच्या वसुली एजंटनं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे.

हातउसन्याचं मात्र मी असं सरसकट म्हणणार नाही. मागावरच्या कामगाराची दोन आठवड्यांची मजुरी राहिली असेल, किंवा शेजारच्या काकूंनी पोरीच्या लग्नाचे साठवलेले पैसे कागद न करता विश्वासावर दिले असतील, तर ते कायद्याच्या आडोशाला उभं राहून बुडवावेत असं मला वाटत नाही, आणि मी पाहिलेल्या बहुतेक बायका ते बुडवत पण नाहीत, हळूहळू शंभर-पाचशे करत देतात. कोणाचं आधी द्यायचं हे तिनं ठरवायचं, जो मोठ्यानं ओरडतो त्यानं नाही. कादंबरीत नेमकं उलटं झालंय, ओरडणाऱ्यांचं आधी फिटतं आणि कामगाराचं शेवटच्या प्रकरणात उरकलंय.

लेखकानं कायद्याचं पुस्तक लिहावं असं मी म्हणत नाही. पण एखादी वकील बाई, एखादी बचत गटातली मैत्रीण, कोणीतरी एकदा तरी तिला म्हणालं असतं की थांब, आज सही करू नकोस, मग तिनं फेडायचं ठरवलं असतं तर तो तिचा निर्णय झाला असता. आत्ता ती फेडते कारण तिला दुसरं काही करता येतं हेच माहिती नाही, आणि लेख लिहिणारे त्याला धैर्य म्हणतात.

म्हणून एक विनंती आहे. ही कादंबरी आता पुष्कळ घरात वाचली जाईल, तेव्हा पुढच्या रविवारी पुरवणीत छोट्या चौकटीत एवढं तरी छापा की बाईला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टात पण त्यांची समिती असते, आणि हेल्पलाइनचा नंबर १५१०० आहे. जागा कमी असेल तर माझं पत्र कापा, पण चौकट छापा.

आपली नेहमीची वाचक,
इचलकरंजी