तक्रार: ग्रॅव्हिटी संचातले टी-जोड हवा ओढतात

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मेपलच्या झाडांचा पाकासाठीचा रस गोळा करायला घेतलेला ३/१६ इंची ग्रॅव्हिटी (बिनपंपाचा, उतारावर चालणारा) संच, त्यातले सदोष जोड आणि नाकारलेला परतावा

तुमच्या माणसाने आत्ताच माझा फोन मध्येच ठेवून दिला. मी पुन्हा फोन करणार नाही. यापुढे जे काही बोलायचं ते लेखी.

ऑर्डर तुमच्या नोंदीत आहे: ३/१६ इंची नळी, त्याच मापाचे टी-जोड, झाडाच्या भोकात बसवायच्या तोट्या. आमची झाडं व्हर्माँटच्या डोंगरउतारावर आहेत. सगळ्यात खालच्या तोटीपासूनही टाकी चाळीस फुटांहून जास्त खाली आहे आणि एका नळीवर वीसच्या आसपास तोट्या आहेत. तुमच्या पुस्तिकेत मांडणी अशीच करा म्हणून लिहिलंय. एवढ्या उताराला नळीतली ओढ (निर्वात) मोजणाऱ्या वरच्या टोकाच्या गेजवर चोवीस-पंचवीस इंच पारा दिसायला हवा. मला सहा-सात दिसतो. टी-जोडांपाशी नळीत बुडबुडे शिरताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात, कारण जोडाची कड नळीत घट्ट बसतच नाही. खारींनी नळी कुरतडलेली नाही, कुठे झोळ पडलेला नाही. सगळी लाइन मी बर्फातून चालत हाताने चाचपली आहे.

आता आजचा फोन. माझं म्हणणं पुरतं ऐकूनही न घेता तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "मॅडम, पंप चालू आहे का?" मी म्हटलं, हा ग्रॅव्हिटी संच आहे, याला पंप नसतो. तो म्हणाला, "मग पंपाचं प्रेशर वाढवून बघा." मी पुन्हा सांगितलं, पंप नाही. बारीक नळी रसाने पूर्ण भरते, तो रस उतारावरून खाली जाताना आपल्या वजनाने मागे ओढ निर्माण करतो, दर फुटाला साधारण पाऊण-एक इंच पारा, आणि तीच ओढ झाडापर्यंत पोचते. ५/१६ इंची नळीत रस तळाने वाहतो, वरून हवा जाते, म्हणून तिथे हे सहसा जमत नाही. जमावं म्हणून तर ही बारीक नळी घेतली! यावर त्याने मला गेज खाली टाकीजवळ लावायला सांगितलं. खालचं तोंड उघडं असतं. तिथे जगातली सगळ्यात चांगली लाइनसुद्धा शून्यच दाखवेल. हे मी समजावत असताना तो म्हणाला, "तुम्हाला या कामाचा अनुभव नसेल, घरात दुसरं कोणी असेल तर त्यांना फोनवर द्या."

दुसरं कोणी म्हणजे कोण? झाडांना भोकं मी पाडली, नळ्या मी ओढल्या, कढईपाशी रात्रभर मी उभी राहते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाच्या घरात वाढलेय मी. काढलेला रस ताटकळत ठेवता येत नाही, हे मला शिकवायची गरज नाही. ते वाक्य मी विसरणार नाही आणि त्याबद्दल मला लेखी माफी हवी आहे.

जोडांचाच दोष आहे हे मी सिद्ध करून दाखवलंय. एका लाइनवरचे तुमचे सगळे टी काढून गावातल्या दुकानातून आणलेले दुसऱ्या कंपनीचे बसवले. नळी तुमचीच, झाडं तीच, उतार तोच. गेज चोवीसवर गेलं. फोटो सोबत जोडले आहेत, तुमच्या माणसाला याआधीही पाठवले होते. त्याने ते उघडून पाहिलेले नाहीत.

वॉरंटी नाकारायचं कारण असं देण्यात आलं की मी नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं. थंडीत कडक झालेली नळी जोडावर चढवायची तर दुसरं काय करायचं? तुमच्या पुस्तिकेत हेच करा म्हणून चित्रासह छापलंय. स्वतः छापलेली सूचना पाळली म्हणून वॉरंटी रद्द करणारी कंपनी मी आजवर पाहिली नव्हती.

शेवटी मला सल्ला मिळाला की हवा तापेपर्यंत थांबा. रात्री गोठण, दिवसा वितळण, यावर हा सगळा धंदा चालतो. कळ्या फुगल्या की रसाला वास येतो आणि त्याचा चांगला पाक होत नाही. मार्चमधल्या टाउन मीटिंगच्या (गावसभेच्या) मंगळवारच्या सुमाराला भोकं पाडली, त्या घडीपासून झाड जखम बुजवायला लागलंय. भोक पाडून रस काढण्याजोगं व्हायला मेपलला चाळीसेक वर्षं लागतात. अशा झाडांना मी जखम केली आणि तुमच्या जोडांमुळे त्यातून मिळायला हवा तो रस मिळाला नाही, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे. दोन टक्के साखरेचा रस असला तर एका गॅलन पाकाला त्रेचाळीस गॅलन लागतात. टाकीत जे ठिबकतंय त्याने रस आटवायच्या लाकडाचा खर्चही निघत नाही.

तुमच्या जाड नळ्या आमच्या शेजाऱ्यांकडे वर्षानुवर्षं आहेत, त्यांच्याच शब्दावर मी हा संच घेतला. त्यांना आता काय सांगू?

पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलत मला नको आहे. पुढची खरेदी होणार नाही. सगळ्या टी-जोडांचे पूर्ण पैसे आणि बदली जोडांचा खर्च मला परत हवा आहे. आणि या खेपेला उत्तर अशा माणसाने द्यावं ज्याला या संचाला पंप नसतो हे माहीत आहे. महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर हे पत्र आणि फोटो व्हर्माँटच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक साहाय्य विभागाकडे जातील, आणि आमच्या भागातल्या मेपल उत्पादकांच्या पुढच्या बैठकीत मी तुमचे जोड टेबलावर ठेवून दाखवीन.

एक ग्राहक
व्हर्माँट

सोबत: पावती, गेजचे दोन्ही फोटो, काढलेले टी-जोड (पाकिटात)